शशिकलाबाईंचा पाय आणि मणक्यांमधली मी

मी एक जुनी पेशी आहे, मित्रांनो. माझा मुक्काम कौमुदीच्या कमरेत, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधल्या चकतीत. चकती म्हणजे दोन हाडं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये बसवलेली गादी. बाहेरून चिवट धाग्यांचे पंधरा-वीस पदर आणि आत मऊ, पाणीदार गर. त्या गरात मी जन्मले आणि तिथेच एक्केचाळीस वर्षं काढली. आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. पूर्वी नव्हते, पुढे झाले. का झाले, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, अंधारात बसून हिला जगाच्या गोष्टी कशा कळतात? अहो, बोलणं हाडांतून उतरतं. कौमुदी बोलते ते तर ढोल वाजवल्यासारखं ऐकू येतं, आणि घरातल्यांचं थोडं दबक्या आवाजात. उरलंसुरलं ती मैत्रिणीला फोनवर सांगते. फोनवर ती काहीच लपवत नाही, घरात मात्र लपवते. त्या लपवण्यानेच सगळा घोळ झाला.

आमचं लहानपण मिरजेला गेलं. कौमुदी शाळेत खो-खो खेळायची. उकिडवं बसायचं, खो मिळाला की उसळून पळायचं, पुन्हा येऊन बसायचं. तिच्या प्रत्येक उडीला माझ्यावर दाब यायचा आणि लगेच निघून जायचा. तुम्हाला वाटेल, बिचारी चेंगरत असेल. छे. तोच माझा सुखाचा काळ होता. मोठ्या चकतीच्या गरापर्यंत रक्ताची नळी पोचत नाही. जेवण वरच्या-खालच्या हाडांच्या बारीक भोकांतून झिरपत यायचं, तेही सावकाश. गादी दाबली की घाण पाणी बाहेर जातं आणि सुटली की ताजं आत येतं. म्हणजे कौमुदी पळाली तर आम्ही जेवायचो.

माझ्या अंगावर बारीक दारं आहेत. ताण आला की ती उघडतात, गेला की मिटतात. अशी उघडझाप चालू राहिली की मला समजतं, मालकीण हिंडते-फिरते आहे, गादी मजबूत हवी. मग मी विणायला बसते. पाणी धरून ठेवणारं एक विणकाम आम्ही पेशी करतो. गादीचा सगळा जोर त्यातच असतो. लोक कौमुदीच्या ताठ चालीचं कौतुक करायचे. माझं नाव कुणी घेतलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

आमच्याकडे कात्रीही असते. जुनं, विटलेलं विणकाम कापून टाकायचं आणि नवं घालायचं, यासाठी ती लागतेच. चार टाके विणायचे, एक कापायचा, असा हिशेब तेव्हा नीट चालला होता.

मग शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. नवरा हरिप्रसाद बँकेत. त्याची बदली चेन्नईला झाली आणि आम्ही अण्णा नगरला राहायला आलो. कौमुदीचं ऑफिस शोळिंगनल्लूरला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये दीड तास, तिथे खुर्चीत नऊ तास, परतीला पुन्हा दीड तास. मित्रांनो, बसणं वाईट नाही हो. बसूनच राहणं वाईट. माझी दारं सकाळी उघडायची ती उघडीच राहायची. जेवण आत यायचं नाही, घाण बाहेर जायची नाही, अंगावर आंबटपणा चढायचा. मध्ये दोन वर्षं ऑफिस घरी आलं, तेव्हा तर तिने पलंगावर पाय पसरून, पोक काढून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम केलं. निदान बसपर्यंत चालणं व्हायचं, तेही गेलं.

आणि एक दिवस मला दिसलं की मी विणतच नाहीये. हातात कात्री आहे आणि मी कापते आहे. जुनं नव्हे, चांगलं, घट्ट विणलेलं माझंच काम. थांबायला गेले तर हात थांबेना. शेजारणीकडे पाहिलं, तीही कापत होती. आमच्यातल्या कितीतरी जणी मेल्या. काही मेल्या नाहीत, पण कामही करेनात, नुसत्या धुमसत बसल्या आणि आसपासच्यांना चेतवत राहिल्या. तेव्हापासून मी भित्री झाले. भाराची भीती मला कधीच वाटली नाही. मला भीती वाटते ती माझ्या हातांची.

आता घरातल्या तिसऱ्या माणसाची ओळख करून देते. कौमुदीच्या सासूबाई, शशिकलाबाई. वय एकाहत्तर, उंच, आवाज खणखणीत. कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी मोडक्या तमिळमध्ये पाच मिनिटं हुज्जत घालून शेवटी कढीपत्ता फुकट आणणार. तर या शशिकलाबाई पायाळू आहेत. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आले. आपल्याकडे समजूत आहे ना, कमरेत उसण भरली की पायाळू माणसाने पाठीला तीनदा पाय लावायचा, तिसऱ्यांदा जरा जोर देऊन, की उसण जाते. चेन्नईत पायाळू माणूस शोधायचं तरी कुठे? त्यामुळे आसपासच्या मराठी घरांतून रविवारी सकाळी कुणी ना कुणी कंबर धरून यायचंच. रेल्वेतून निवृत्त झालेले बाळकृष्णराव तर सांगायचे, वाकत आलो आणि चालत गेलो.

कौमुदीचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. ती चिडवायची, "आई, पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं म्हणतात. दिसलं तर आधी मला सांगा हं."

"दिसतं की. तुझ्या कपाटात न वापरलेल्या साड्यांचं," शशिकलाबाई म्हणायच्या.

पायाळू माणसावर वीज पडते, अशीही एक समजूत आहे. वादळ आलं, ढग गडगडले, की शशिकलाबाई आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, गारव्याने गुडघे दुखतात. घाबरले असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. या घरात कुणीच तसं म्हणायचं नाही.

तो शुक्रवार होता. आमच्या इमारतीत प्यायला वीस लिटरचे पाण्याचे कॅन येतात. माणूस दाराशी ठेवून जातो, आत ओढून घ्यायचं काम आपलं. रोज ते हरिप्रसाद करायचा. त्या दिवशी तो अंघोळीला गेला होता आणि कौमुदी नुकतीच पलंगावरून उठली होती, पाच मिनिटंही झाली नव्हती.

इथे जरा थांबा आणि ऐका. रात्रभर आडवं पडलं की गादी पाणी पिऊन टम्म फुगते. सकाळी माणूस चक्क सेंटिमीटरभर जास्त उंच असतो. खेळत्या पाठीला ते बरंच. पण आमचे पदर आधीच विरलेले आणि त्यात गादी फुगलेली. आडवं पडल्यावर माझ्यावर जेवढा दाब असतो, त्याच्या पाचपट उभं राहिल्यावर. आणि गुडघे न वाकवता कमरेतून वाकून वीस लिटर उचलले तर वीसपट.

कौमुदी कमरेतूनच वाकली. उचलता उचलता स्वयंपाकघराकडे वळली.

पदर फाटले. आतला, मग त्याच्या बाहेरचा, मग त्याच्या बाहेरचा. मला काळीज नाही, तरी धस्स झालं. आम्ही सगळ्या त्या फटीकडे ढकललो गेलो. फटीच्या तोंडाशी बाहेरचे दोनच पदर उरले होते, आणि त्यांच्या पलीकडे नस होती, कौमुदीच्या डाव्या पायात जाणारी. फुगलेले पदर तिला टेकले होते. ते दोन पदर तुटले असते, तर आम्ही सगळ्या थेट नसेवर जाऊन आदळलो असतो.

कौमुदी कॅनसकट खाली बसली. हरिप्रसाद टॉवेल गुंडाळून धावत आला. शशिकलाबाईंनी फरशीवरचं पाणी पुसलं, तिला धरून पलंगावर नेलं आणि म्हणाल्या, "उसण भरली. पडून राहा."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. शेकून झालं, तेल चोळून झालं, गोळ्या झाल्या. शनिवारी दुपारी घरातले जेवत असताना कौमुदीने मैत्रिणीला फोन लावला आणि हलक्या आवाजात सांगितलं, "डाव्या पायाच्या अंगठ्याला काही कळत नाहीये गं. सुई टोचली तरी नाही. आणि चप्पल पायातून निसटते आहे. पण घरी बोलू नकोस."

"वेडी आहेस का? डॉक्टरकडे जा."

"नाही जायचं. ते ऑपरेशन सांगतील."

मिरजेच्या मावशीच्या पाठीचं ऑपरेशन कौमुदी नववीत असताना झालं होतं. मावशी त्यानंतर पलंगावरून उठली नाही. वरणभात भरवायला कौमुदीच जायची. का उठली नाही, काय बिघडलं, ते कुणी मुलीला सांगितलं नव्हतं. तिच्या मनात फक्त तो पलंग राहिला होता.

मित्रांनो, आम्ही दोघी घाबरलेल्या होतो. ती ऑपरेशनला आणि मी पदर फाटण्याला. फरक एवढाच की तिला बोलता येत होतं आणि ती बोलत नव्हती. मला बोलायचं होतं आणि तोंडच नव्हतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तिने हाक मारली, "आई, जरा येता का?"

शशिकलाबाई आल्या.

"तुमचा पाय लावा ना माझ्या पाठीला."

 पंधरा वर्षं चेष्टा करणारी सून आज आपण होऊन पाय मागत होती. त्यांना बरं वाटलं असणार, आवाजावरून मला कळलं. "आता बरी आठवण झाली," त्या म्हणाल्या आणि हरिप्रसादला हॉलमध्ये चटई घालायला सांगितली.

माझं धाबं दणाणलं. कौमुदीला दोघांनी धरून चटईवर पालथं झोपवलं. शशिकलाबाईंनी तोल सांभाळायला खिडकीचा गज धरला. दोन पदर, मित्रांनो, दोनच. आणि वरून येणारा पाय सत्तरेक किलोच्या बाईचा. तिसऱ्यांदा जोर देतात हे मला ठाऊक होतं, बाळकृष्णरावांच्या पाठीतून निघालेला हुंकार मी याच घरात ऐकला होता. मी शेजारणींना म्हणाले, घट्ट धरा. धरायचं कशाला? धरायला होतं ते आम्हीच कापून टाकलं होतं.

पहिल्यांदा पाय लागला. गार तळवा, नुसता टेकला आणि उचलला. कौमुदीचे स्नायू दगडासारखे आवळले गेले होते, त्यांनी तो वरच्या वर झेलला.

दुसऱ्यांदा लागला आणि तिथेच राहिला. मी वाट बघत होते, आता जोर येईल. जोर आला नाही. तळवा जागच्या जागी जरासा सरकला, डावीकडे गेला, थांबला. भाजीवाली कोबी दाबून बघते तसा तो पाय बघत होता.

"कौमुदी," शशिकलाबाई म्हणाल्या, "तुझा डावा पाय फडफडतो आहे. कळतंय का तुला?"

"नाही."

"हरी, तिच्या पायांकडे बघ. कौमुदी, दोन्ही अंगठे वर कर."

कौमुदीने केले. म्हणजे करायला गेली. हरिप्रसाद म्हणाला, "उजवा झाला. डावा नाही झाला, आई."

पाय पाठीवरून निघाला. कौमुदी चटईत तोंड खुपसून म्हणाली, "तो असाच झालाय दोन दिवस. काही नाही होत. तिसऱ्यांदा लावा ना, आई. जोरात लावा, म्हणजे सुटेल."

"नाही लावणार."

"सगळ्यांना लावता. मला का नाही?"

शशिकलाबाई गज सोडून, दुखऱ्या गुडघ्यांनी, तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. बसताना हाडं वाजली ती मला ऐकू आली. "पन्नास वर्षं मी लोकांना पाय लावते आहे," त्या म्हणाल्या. "उसण पायाखाली गाठीसारखी लागते. हे तसं नाही. हे काय आहे ते मला माहीत नाही. मला भीती वाटते आहे, कौमुदी."

घरात कुणी हे वाक्य पहिल्यांदा बोललं होतं.  कौमुदी रडायला लागली, मणक्यांतून हुंदके खाली येत राहिले, आणि त्या रडण्यात तिने सगळं सांगून टाकलं. अंगठ्याचं, चपलेचं, मावशीचं आणि मावशीच्या पलंगाचंही.

"मलाही वाटते भीती," ती शेवटी म्हणाली.

"मग दोघी घाबरत घाबरत जाऊ," शशिकलाबाई म्हणाल्या. "हरी, गाडी काढ."

दवाखान्यात मोठ्या नळीसारख्या यंत्रात घालून आमचा फोटो काढला. वरच्या चकत्या पांढऱ्या आल्या. आमची काळी आली. पाणी नसलं की फोटोत काळं दिसतं. सगळ्यांसमोर माझी लाज निघाली, आणि मला कुठे तोंड लपवावं कळेना.

डॉक्टर विद्यालक्ष्मी शांत बाई होत्या. कौमुदीशी थोडं तमिळ, थोडं इंग्रजी असं बोलल्या. लघवी नीट होते का, मांड्यांच्या आत बधिर वाटतं का, सगळं विचारलं. तळपायाला सुई लावून पाहिली. मग म्हणाल्या, "पाठीवर कुणी जोर तर दिला नाही ना?"

शशिकलाबाईंना प्रश्न कळला. त्या मराठीतच म्हणाल्या, "मी पाय लावला. दोनदा. तिसऱ्यांदा नाही लावला." कौमुदीने ते तमिळमध्ये सांगितलं.

डॉक्टरांनी फोटो पुन्हा पाहिला. "लावला असता तर काय झालं असतं, मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "नाही लावलात ते बरं केलंत." नस दबली आहे, पण मेलेली नाही, असं त्यांनी समजावलं. मावशीच्या वेळचं ऑपरेशन आणि आताचं यांत पुष्कळ फरक आहे, नुसतं दाबणारं तेवढं काढायचं. पायातला जोर कमी होतोय म्हणून फार थांबता येणार नाही. कौमुदीचे दात वाजत होते. "पयप्पडादीङ्ग," डॉक्टर म्हणाल्या. घाबरू नका. सांगून कुणाची भीती जाते का? पण हात धरून सांगितलं, तेवढं बरं वाटलं तिला.

मंगळवारी ऑपरेशन झालं. त्याबद्दल मला फार बोलवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा उजेड दिसला आणि त्या उजेडात चिमटा आला. फटीशी अडकलेल्या माझ्या बहिणी एकेक करून निघून गेल्या. ज्यांच्याबरोबर मी मिरजेला खो-खो खेळले होते त्याही गेल्या. मी जरा आत, मागे होते म्हणून राहिले. दोष कुणाला देऊ? नस दाबत बसलो होतो त्या आम्हीच.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने कौमुदीला उभं केलं. मावशीसारखी पडून राहणार, या भीतीने ती पलंगाची कड सोडेना. शशिकलाबाई समोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्याकडे बघ आणि ये." ती चार पावलं गेली. माझी दारं उघडली, मिटली. उघडली, मिटली. कित्येक वर्षांनी मला ती जुनी उघडझाप ओळखू आली आणि मी जागच्या जागी थरथरले.

पाठ सुधारत गेली. अंगठा मात्र हलेना. नस सावकाश बरी होते, कधी पूर्ण होतही नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रोज सकाळी चहा झाला की शशिकलाबाई खुर्ची ओढून तिच्या समोर बसायच्या. "कर बघू वर." कौमुदी कपाळाला आठ्या घालून जोर करायची. अंगठा तसाच. "उद्या करू," असं म्हणून दोघी खाली बागेत चालायला जायच्या. एक महिना गेला, दोन गेले. कौमुदी आता लपवत नव्हती. मला भीती वाटते, असं सरळ म्हणायची, आणि सासूबाईही म्हणायच्या, मलाही वाटते. तिसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी शशिकलाबाईंनी आपला पाय पुढे केला आणि त्याची बोटं कौमुदीच्या डाव्या अंगठ्यावर अलगद टेकवली.

"तुला तिसऱ्यांदा लावायचा राहिला होता," त्या म्हणाल्या. "आता हा वर ढकल."

कौमुदीने ढकलला. बराच वेळ काही झालं नाही. मग शशिकलाबाईंचा श्वास अडखळला. त्यांच्या पायाला खालून काहीतरी लागलं होतं, अगदी थोडं.

"लागलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा कर."

मित्रांनो, आता कौमुदी ऑफिसला जाते. चप्पल पायात राहते. कॅन हरिप्रसाद ओढतो, आणि तोही आता गुडघ्यांत वाकून. शशिकलाबाईंकडे अजून रविवारी लोक येतात. त्या प्रत्येकाला आधी पायाचे अंगठे वर करायला लावतात, आणि एखाद्याचा झाला नाही तर त्याला पाय न लावता डॉक्टरकडे पाठवतात. लोक म्हणतात, बाई म्हातारी झाली, घाबरते.

मी पुन्हा पूर्वीसारखी होणार नाही. गेलेल्या बहिणींच्या जागी नव्या येत नाहीत, आणि माझी गादी फोटोत काळीच राहील. तुमच्याकडून मला कौतुक नको, तेल नको. तुमच्याही कमरेत माझ्यासारख्या आहेत, त्यांच्यासाठी एवढंच करा, अर्ध्या तासाने उठा, चार पावलं टाका, आणि पायाला काही कळेनासं झालं तर घरात त्याच दिवशी सांगा. मी अजून भित्रीच आहे. दुपारी तीनच्या सुमारास कौमुदी खुर्चीत रुतून बसते, दारं उघडी राहतात आणि माझा हात कात्रीकडे जातो. तेवढ्यात तिचा फोन वाजतो. अण्णा नगरहून शशिकलाबाई बोलत असतात. "ऊठ," त्या म्हणतात, एवढंच. ती उठते, आणि मी कात्री खाली ठेवते.